कंडक्टर साइडचा जादा पाटा

प्रिय इंदू,

हो, नावानंच लिहितोय. उभ्या जन्मात चार माणसांत तुला कधी नावानं हाक मारली नाही. 'प्रकाशची आई', नाहीतर नुसतं 'ऐकलं का'. तू गेलीस त्याला तीन पावसाळे झाले. आता निदान कागदावर तरी म्हणू दे. इंदू!

पत्राचं कारण आधीच सांगून टाकतो, नाहीतर तू म्हणशील, "मुद्द्याचं बोला, तव्यावर पोळी आहे." आज सकाळी मी जीपच्या डाव्या बाजूच्या मागच्या कमानीतला जादाचा पाटा काढला. तुझा पाटा. अकरा वर्षं त्याला हात लावला नव्हता. थांब, लगेच कपाळाला आठ्या घालू नकोस! सगळं ऐक, मग काय रागवायचं ते रागव.

कमान म्हणजे काय, हे तुला मीच शिकवलं होतं, आठवतं? पोलादाचे वाकवलेले पाटे, एकावर एक बसवलेले. रस्त्याचा दणका आधी त्यांनी सोसायचा, मग गाडीनं, मग माणसानं. तू मान हलवलीस आणि म्हणालीस, "म्हणजे घरातल्या बाईसारखं." मी हसलो होतो. तेव्हा हसण्यावारी नेलं, दुसरं काय!

ती जीप घेतली तेव्हा आपल्याला सिल्वासात येऊन पाचेक वर्षं झाली असतील. मी खडोलीच्या कारखान्यात फिटर, तू सुताच्या कारखान्यात पॅकिंगला. दोघांचं बरं चाललेलं. आणि मला खूळ लागलं! सरकारी लिलावात लांब चासीची जुनी जीप निघाली आणि मी नोकरी सोडून ती घरी आणली. लोक म्हणाले, सदाचं डोकं फिरलं. तू एवढंच विचारलंस, "चालते ना?" चालत होती. मोठ्यानं खोकत चालत होती.

धंदा मात्र डोळ्यांसमोर होता. खडोलीत खोलीचं भाडं परवडत नाही म्हणून आपल्यासकट धुळ्याकडची सगळी मंडळी ओढ्यापलीकडे वस्ती करून राहिलेली. तिथून कारखान्याला यायचं म्हणजे दगडगोट्यांची वाट, मध्ये ओढा, ओढ्यानंतर अंगावर येणारा चढ. टेम्पोवाले पावसाळ्यात तोंड फिरवायचे. मी म्हटलं, आपण नेऊ! पाळीला जाणारी माणसं सकाळी आणायची, संध्याकाळी सोडायची. तूही त्याच जीपमधून कामावर.

पहिल्या दोन महिन्यांत मागची डावी कमान तीनदा तुटली.

तिन्ही वेळा डावीच! मी पोलादाला शिव्या घातल्या, दगडांना घातल्या, वापीच्या कमानवाल्या काकाला तर विचारूच नकोस. तो बिचारा प्रत्येक वेळी तुटका पाटा हातात फिरवून बघायचा आणि म्हणायचा, "भाई, पाटो तो बराबर छे. तमारी गाडी वांकी छे." मी म्हणायचो, गाडी वाकडी नाही काका, तुमची नजर वाकडी. काय माज होता मला!

तिसऱ्यांदा कमान तुटली ती ऐन ओढ्यात. बायका लुगडी वर खोचून, डबे डोक्यावर धरून पलीकडे गेल्या. सगळ्यांची पाळी चुकली, अर्ध्या दिवसाचा खाडा पडला. भिका तात्या, माझे चुलते, वस्तीतले सगळ्यांत वडीलधारे. ते पाण्यात उभं राहून म्हणाले, "काय रे भो सदा, तुझ्या या डबड्यापेक्षा बैलगाडी काय वाईट होती?" सगळे हसले. तू नाही हसलीस. तू ओढ्याच्या काठावर उभी राहून जीपकडे टक लावून बघत होतीस. मला वाटलं, ही आता म्हणणार, विका आणि चला गावाला. आणि गावाला कोणत्या तोंडानं जायचं? नोकरी मीच लाथाडलेली.

आणखी एकदा कमान तुटली असती तर वस्तीनं दुसरी गाडी बघितली असती. तात्या तसं बोललेही होते. तुला हे ठाऊक होतं, मलाही.

आणि अशा वेळी मी काय केलं? गाडीसाठी बाजूला ठेवलेले होते नव्हते तेवढे पैसे घेऊन वापीच्या भंगारात गेलो आणि एक दणदणीत मागचा एक्सल उचलून आणला! मोठ्या गाडीचा, हत्तीच्या पायासारखा. मला वाटलं, मजबूत ते चांगलं. तुला विचारलं नाही. माप घेतलं नाही. फिटर म्हणवतो आणि माप घेतलं नाही! अंगणात आणून टाकला तेव्हा कळलं, त्याच्यावरच्या कमानी टेकायच्या बैठका आपल्या जीपच्या कमानींपासून बोटभर नाही, चांगल्या वीतभर दूर. बसणार कसा?

तू भांडली असतीस तर बरं झालं असतं. तू त्या एक्सलवर ओलं पोतं वाळत घातलंस आणि म्हणालीस, "जावईबापू आलेत. राहू द्या आता." दोन वर्षं राहिले जावईबापू अंगणात. येणारे-जाणारे त्यांच्यावर बसून चहा पीत. कोणी विचारलं की तू पदर तोंडाला लावून सांगायचीस, "आमचे जावई हो. काही काम करत नाहीत, पण अंगानं भक्कम आहेत."

त्याच आठवड्यातली ती सकाळ माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. तू कणीक मळत होतीस. मी उंबऱ्यात बसून धुमसत होतो की आता दोन्ही कमानींत जाड पाटे घालतो, ट्रकचे घालतो, बघू कशी तुटते. तू म्हणालीस, "इकडे या जरा." कणकेचे दोन सारखे गोळे केलेस, जमिनीवर ठेवलेस, एक डावीकडे, एक उजवीकडे. त्यांच्यावर पोळपाट ठेवलंस. मग टोपलीतून कांदे काढलेस.

"उजव्या बाकावर कोण बसतं?" तू विचारलंस.

"बाप्ये."

"किती?"

"असतील तीनचार." तू तीन कांदे उजवीकडे ठेवलेस.

"आणि आमच्या बाकावर?"

मला सांगता येईना. मी ड्रायव्हर, माझी नजर पुढे. मागे कोण कुठे बसतं ते मी कधी बघितलंच नव्हतं! तू एकेक नाव घेत डावीकडे कांदे ठेवत गेलीस. सात. वर दोघींच्या मांडीवर पोरं, म्हणून दोन लसणाचे गड्डे. वर सगळ्यांचे डबे आणि बाजाराच्या दिवशी पिशव्या, म्हणून एक बटाटा. डावीकडचा गोळा चपटा होऊन पोळपाटाखालून बाहेर आला.

"ही तुमची कंडक्टर साइड," तू म्हणालीस आणि परत कणीक मळायला लागलीस.

इंदू, मी बारा वर्षं यंत्रं उघडली आणि जोडली, पण असं मला सुचलं नव्हतं! सगळी वस्ती एकमेकांची सोयरी. प्रत्येकीचा कोणी ना कोणी सासरा, धाकटा दीर नाहीतर थोरला भासरा समोर बसलेला. सासऱ्याच्या बाकावर सुनेनं टेकायचं नाही, हे आपल्याकडे कोणी कोणाला शिकवत नाही, अंगातच असतं. म्हणून बाप्ये उजवीकडे पाय पसरून, शेजारी टोपी ठेवून बसायचे, आणि तुम्ही सातजणी डावीकडे एकमेकींच्या मांडीवर. शेवटचीचा एक पाय बाहेर. पुढची माझ्या शेजारची सीट तात्यांची, मानाची.

तू साधा उपाय सांगितलास. "तिघींना समोर बसवा, संपला विषय. एक पैसा लागत नाही."

आणि मी तुझ्यावर ओरडलो. "लोक काय म्हणतील? उद्यापासून एक बाप्या चढायचा नाही माझ्या गाडीत! बायकांना सासऱ्यांच्या मांडीला मांडी लावून बसवायचं म्हणतेस?" किती लागेल असं बोललो मी. मग म्हणालीस, "बरं. माणसं हलत नाहीत, तर मग लोखंड हलवा."

हे वाक्य मी पुढं किती ठिकाणी स्वतःचं म्हणून खपवलं, ते तुला ठाऊकच आहे.

मग तू सांगितलंस तसंच केलं. दोन्ही बाजूंना जाड पाटे घालायचे नाहीत, कारण पोटुशी बाई असते गाडीत, तिला दणके बसतील. उजवी आहे तशी ठेवायची. फक्त डाव्या मागच्या कमानीत एक जादा पाटा, थोडा जास्त वाकवून. काकानं तुटक्या पाट्यांच्या ढिगातून एक चांगला शोधला, तापवला, ठोकून वाकवला. खर्च म्हणशील तर नावाला. काकानं विचारलं, "एक ज बाजू? आवुं कोणे कह्युं?" आणि मी छाती काढून म्हणालो, "मीच सांगितलं असं!"

तू शेजारी उभी होतीस. पदर नीट केलास. तेव्हा का नाही बोललीस गं? एक चिमटा तरी काढायचास मला!

रिकामी असली की जीप उजवीकडे झुकायची. सिल्वासाच्या स्टँडवर पोरं ओरडायची, "लंगडी आली!" पण वस्तीवर गेली, तुम्ही सातजणी चढलात, की सरळ व्हायची. अगदी सूत लावल्यासारखी. ती सरळ होतानाचा कमानीचा तो आवाज, कर्र्रर्र, मला कुठल्याही बँडपेक्षा गोड वाटायचा. त्या पावसाळ्यात एकही पाटा तुटला नाही. पुढच्याही नाही. टेम्पोवाले अलीकडे उभे आणि आपली लंगडी ओढ्यातून पलीकडे! तात्यासुद्धा म्हणाले, "सदा, गाडी बनवावी तर तू." मी मान खाली घालून हसलो. लाज नाही वाटली तेव्हा मला.

मग जावईबापूंची पाळी आली. जुन्या एक्सलचा शाफ्ट चढावर घसरायला लागला होता, तेव्हा मी अंगणातला एक्सल उचलला. जुन्या बैठका कापल्या, जीपच्या मापानं नव्या वेल्डिंग केल्या, जोडलं. चालवली तर खालून घूं-घूं-घूं. इंजिनाचा जोर एक्सलला देणाऱ्या प्रॉपेलर शाफ्टचा सांधा, तो क्रॉस, आठवड्यात गेला. बैठकांचा कोन चुकला होता. मी परत डोकं धरून बसलो.

"माप कधी घेतलंत?" तू विचारलंस.

"जॅकवर. रिकामी असताना."

"रोज रिकामी चालवता का?"

दुसऱ्या दिवशी रविवार. तू वस्तीत घरोघर निरोप धाडलास आणि सगळ्याजणी आपल्या अंगणात हजर! नेहमीच्या जागी, नेहमीच्या दाटीनं, पोरांसकट जीपमध्ये बसवल्यास. समोर तीन बाप्येही बसवलेस. कोणी हलायचं नाही म्हणालीस आणि सगळ्यांना बसल्या जागी चहा दिलास. मी जीपखाली उताणा, हातात पट्टी आणि खडू. वरून तुमच्या गप्पा चाललेल्या, बशांचे आवाज, हसणं. मध्येच कोणी तरी म्हणे, "दादा, आपण कुठवर आलो?" तू म्हणालीस, "वापी आलं, गप्प बसा." कमानी भारानं दबल्या तसा एक्सल किती फिरला ते मला खालून लख्ख दिसलं. तिथंच खडूनं खुणा केल्या. त्या खुणांवर केलेलं वेल्डिंग आजही तसंच आहे. जावईबापू अजून नोकरीत आहेत!

गाडी बनवायला माप कसं घ्यावं हे मला दहा कप चहानं शिकवलं. पोरं विचारायला यायची, "काका, कसं जमवलंत? पहिल्यांदा काय करायचं, कमान की एक्सल?" मी ऐटीत सांगायचो, आधी भार बघा, मग कमान, मग एक्सल. सगळं तुझं. सांगायचं मात्र माझ्या तोंडानं.

मग तुला कावीळ झाली, आठवड्यात वाढली आणि तू गेलीस. तुला शेवटचं दवाखान्यात नेलं ते त्याच जीपमधून, मागं आडवी झोपवून. ओढ्यात तू डोळे उघडलेस आणि म्हणालीस, "दणका नाही लागला." एवढंच. मी गिअर बदलला.

आता आजचं ऐक. प्रकाशचं लग्न झालं. सून रेखा, शिरपूरकडची. तुझ्याच कारखान्यात, तुझ्याच पॅकिंगला लागली. लग्नानंतर चार दिवस माहेरच्या माणसांना भेटून आली आणि वस्तीवरून पहिल्यांदाच कामाला निघाली. डोक्यावर पदर, हातात डबा. मागं चढली. डाव्या बाकावर आधीच सातजणी. ही आठवी. अर्धी बाहेर, एका हातानं दांडा धरलेला. समोर तीन बाप्ये, शेजारी टोप्या.

ओढ्यात एक मोठा दगड लागला. मला मागून "व माय!" ऐकू आलं. वळून बघितलं, तर रेखा बाहेर लोंबकळतेय आणि दोघींनी तिचा दंड धरलाय. आणि समोरचे तिघं? बघत बसले होते. हात लावायचा नाही ना, सून आहे!

इंदू, मी जीप ओढ्यात थांबवली. तीच जागा, जिथं तू काठावर उभी राहून बघत होतीस. माझं डोकं तापलं होतं, पण त्या तिघांवर नाही, शेजारी मानानं बसलेल्या तात्यांवरही नाही गं, माझ्यावर! तू इतक्या वर्षांपूर्वी सांगितलेलं, फुकटचं, मी लोखंडानं झाकून ठेवलं. कमान तुटायची थांबली म्हणून मला वाटलं, काम झालं. माणसं तशीच लोंबकळत होती.

"तात्या, मागं बसा," मी म्हणालो. "रेखा, तू पुढं ये. माझ्या शेजारी."

खाली पाणी वाहतंय, इंजिन चालू. रेखा जागची हलेना, पदर आणखी पुढं ओढला. तात्या म्हणाले, "सदा, सून सासऱ्याच्या शेजारी बसणार? तुझ्या बायकोनं तुला हेच शिकवलं का?"

"हो!" मी ओरडलो. इतक्या मोठ्यानं की पोरं रडायला लागली. "हेच शिकवलं! ही गाडी तिनं बनवली. कमान तिची, माप तिचं, सगळं डोकं तिचं. मी फक्त पाने फिरवले. आणि तिनं पहिल्या दिवशी सांगितलं होतं की तीन बायका समोर बसवा. मी भित्रा, म्हणून नाही बसवल्या!"

सांगितलं मी, इंदू. भर ओढ्यात, सगळ्या वस्तीसमोर. उशिरा सांगितलं, पण सांगितलं.

तात्या उतरले आणि पाण्यातून चालत गेले, वळून बघितलं नाही. रेखा पुढं येऊन बसली, दाराला चिकटून, अंग चोरून. मी म्हणालो, "बाई गं, नीट बस, नाहीतर आता इकडून पडशील." ती फिसकन हसली. मागं दोघीतिघी हळूच उजव्या बाकावर सरकल्या. टोप्या मांडीवर गेल्या. दोन दिवसांनी तात्या परत आले. "गुडघे दुखतात," म्हणाले आणि गपगुमान मागं बसले, शेजारी एक म्हातारी नि तिचा नातू.

त्याला सहा महिने झाले. आणि गंमत ऐक! जीप भरली की उजवीकडे कलायला लागली. भरलेली असताना! मी परत कमान तपासली, बुश बदलले, शॅकल बघितले. काही सापडेना. काल पंपावर डिझेल भरताना एकदम ट्यूब पेटली. अरे, डावीकडे पाटा जास्त आहे, आणि आता बायका दोन्हीकडे बसतात! गाडी वाकडी नव्हती, काका. माणसं सरळ झाली होती.

म्हणून आज तो पाटा काढला. गंजलेला, मधोमध झिजून चकचकीत झालेला. अकरा वर्षं तुम्हा सातजणींचा भार वाहिला त्यानं.

दुपारी घरी आलो. रेखा कणीक मळत होती. मी म्हणालो, "दोन गोळे दे, सारखे." तिला वाटलं, सासरा वेडा झाला. जमिनीवर गोळे ठेवले, वर तुझंच पोळपाट, तेच, एका कडेला जळलेलं. पाच कांदे इकडे, पाच कांदे तिकडे. दोन्ही गोळे सारखे दबले. रेखा बघत होती. मी तिला सांगितलं, हे कोणी शोधलं. नावानं सांगितलं. सांगताना आवाज फुटला माझा, लपवत नाही. पण दुःखानं नव्हे, बरं का! अभिमानानं. माझी बायको, आणि मी अकरा वर्षं तिच्या जिवावर मिशीला पीळ देत होतो!

आता तुला शब्द देतो. तो पाटा भंगारात जाणार नाही आणि कमानीतही परत जाणार नाही. उद्या कोणी रागावून गाडीतून उतरलं तरी चालेल. तात्या उतरले तरी, मला परत फिटरकी करावी लागली तरी. बाक पुन्हा पहिल्यासारखे भरणार नाहीत. आणि कोणी विचारलं, "ही गाडी कोणी बनवली?", तर पहिलं नाव तुझं येईल. माझ्या तोंडून, मोठ्यानं.

रेखाला सोमवारपासून स्टिअरिंग शिकवतोय. आधी अंगणात. मग ती चालवेल आणि शेजारच्या सीटवर मी बसेन, कंडक्टर साइडला.

तुझा,
सदा